सोळा शुक्रवार आणि एक लिंबू

'जय संतोषी माँ' या चित्रपटावर मी आयुष्यात दोनदा टीका केली. एकदा कॉलेजच्या वार्षिक अंकात आणि एकदा आमच्या स्वयंपाकघरात. अंकातली टीका कुणीही वाचली नाही. स्वयंपाकघरातली मात्र एका व्यक्तीने नीट वाचली होती, आणि हे मला कळायला पंचेचाळीस वर्षं लागली. तेव्हा हा माझा तिसरा प्रयत्न. या वेळी जरा जपून लिहितो.

आम्ही गंगाखेडचे. परभणी जिल्हा. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडे छाती पुढे काढून म्हणतात आणि 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' असं लोक आमच्याकडे बघून म्हणतात. दोन्हींचा नेमका अर्थ मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही, पण अभिमान दोन्हींचा आहे. निजामाच्या राज्यात शिकल्यामुळे आमच्या अण्णांना उर्दू उत्तम यायचं आणि त्यामुळे हिंदी सिनेमावर मत देण्याचा अधिकार घरात फक्त त्यांना होता. ते मत बहुधा एकाच शब्दात असायचं. 'वाहियात.'

सिनेमा १९७५ चा. त्याच साली 'दीवार' आला, 'शोले' आला, आणि त्या दोन पहिलवानांच्या मधून हा पुठ्ठ्याच्या स्वर्गाचा, झिरमिळ्यांच्या मुकुटांचा सिनेमा अलगद निघाला आणि त्यांच्या बरोबरीने जाऊन बसला. 'शोले'चे संवाद आमच्या गल्लीतल्या पोरांना पाढ्यांपेक्षा जास्त पाठ होते. पण 'शोले' बघून कुणाच्या घरचा स्वयंपाक बदलला नाही. गब्बरसिंगाच्या नावाने कुणी वार धरला नाही. संतोषीमातेने मात्र आमच्या घरातलं ताक बंद केलं.

आमच्याकडे तो यायला पुढचं साल उजाडलं. तोही परभणीला; गंगाखेडच्या बायका गाडीने जाऊन बघून येत. वहिनींना न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण दादा जायकवाडीच्या कालव्याच्या कामावर ओव्हरसियर होता आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, अंगावर मुरमाची धूळ घेऊन घरी यायचा. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. खिशात वही-पेन घेऊन निघालो, कारण मी समीक्षक होतो.

टॉकीजच्या दाराशी चपलांचा ढीग. लग्नाच्या मांडवाबाहेर असतो तसा. बायका चपला काढून, पदर डोक्यावर घेऊन थिएटरात शिरत होत्या. कुणाच्या हातात हळदीकुंकवाची कोयरी, कुणाकडे नारळ. मी चपला काढणार नाही असं ठरवून आत गेलो आणि वहिनींनी नुसतं माझ्या पायांकडे बघितलं, तेव्हा परत येऊन काढल्या. पडद्यावर अनिता गुहा देवी होऊन उभी राहिली, तेव्हा सगळं थिएटर हात जोडून उठलं. पैशांचा खणखणाट सुरू झाला. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी कापराची आरती केली, आणि समोर सिनेमा असताना मागे आगीचा बंब लागेल की काय, या भीतीने मी निम्मा सिनेमा दाराकडे बघत घालवला.

असं होणं नवीन नव्हतं. फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये, १९१७ साली, राम पडद्यावर आला की लोक हात जोडत. राम आणि सीता ही दोन्ही कामं एकाच साळुंके नावाच्या गृहस्थाने केली होती, हे ठाऊक असूनही जोडत. अनिता गुहा स्वतः १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये सीता होऊन गेली होती. म्हणजे तिच्यापुरती बढतीच झाली म्हणायची. पण राम-सीतेला सिनेमाच्या आधीही घरोघर ओळख होती. या देवीचं तसं नव्हतं. व्रताची पोथी सिनेमाच्या आधी निघालेली होती, उत्तरेकडे व्रतही चालायचं. पण आमच्याकडे कुणाच्या देव्हाऱ्यात ती नव्हती. अठरा पुराणांत तिचा पत्ता नाही. गणपतीला मुलगी आहे हे आमच्या गल्लीला सिनेमाने सांगितलं. इतकी वर्षं आम्ही त्याच्या आरत्या म्हणतोय, त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

मी वहीत भराभर लिहीत होतो. 'स्वर्ग पुठ्ठ्याचा.' 'ढग कापसाचे.' 'नारद अतिशय नारद.' गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. सत्यवती ही देवीची भक्त, तिचा नवरा बिरजू घरातला धाकटा, जावा छळणाऱ्या. एका दिवशी बिरजूला कळतं की आपल्याला भावांचं उष्टं वाढलं जातंय, आणि तो घर सोडून कमवायला निघतो. वरती लक्ष्मी, पार्वती आणि ब्रह्माणी यांना नारद जाऊन सांगतो की खाली एका नव्या देवीचं प्रस्थ वाढतंय. मग त्या तिघी समुद्रात वादळ उठवतात आणि बिरजूची नाव हेलकावे खाऊ लागते.

ती नाव बघून मला हसू आवरेना. नाव खेळण्यातली होती हो! पाण्याचे थेंब नावेपेक्षा मोठे दिसत होते. मी वहीत लिहिलं, 'घंगाळातले वादळ', आणि या शब्दप्रयोगावर स्वतःच खूश होऊन वहिनींना दाखवायला वळलो. वहिनी रडत होत्या. पदराचा बोळा तोंडाशी धरून, आवाज न करता. मला वाटलं, गर्दीने गुदमरायला झालं असेल. मी म्हणालो, "पाणी आणू का?" त्यांनी मान हलवली. मी पुन्हा नावेकडे वळलो.

सिनेमा सुटला तेव्हा माझी एक चप्पल जागेवर नव्हती. दुसरी होती, पण एका चपलेने परभणी स्टेशनापर्यंत चालणं हे अनवाणी चालण्यापेक्षा जास्त हास्यास्पद दिसतं. गाडीत वहिनी म्हणाल्या, "देवीच्या दारातून चप्पल गेली की साडेसाती गेली म्हणतात, भाऊजी." मी म्हणालो, "चप्पल तेरा रुपयांची होती."

पुढच्या शुक्रवारी वहिनींनी व्रत धरलं.

व्रत स्वस्त होतं, हा त्याचा मोठा गुण. सत्यनारायणाला किती काय काय लागतं ते तुम्ही जाणताच. इथे गूळ आणि फुटाणे, बस्स. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या जिल्ह्याने खडी फोडून दिवस काढले होते; त्या दुष्काळाची आठवण जिला परवडेल अशी ही देवी होती. एकच अट. शुक्रवारी आंबट खायचं नाही. खायचं नाही आणि इतरांना द्यायचंही नाही.

ही अट वाचायला सोपी आहे. पण मराठवाड्याच्या घरातून आंबट वजा करून बघा, मग खाली काय उरतं! ताक गेलं, कढी गेली, वरणातली चिंच गेली, लोणचं गेलं. अंबाडीची भाजी आंबट धरायची का, यावर गल्लीतल्या बायकांची आमच्या ओसरीवर बैठक बसली. ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाडी हा आमचा प्राण, त्यामुळे विषय गंभीर होता. अंबाडी आंबट ठरली. टमाटा आंबट ठरला. दूध गोड, पण दही आंबट, मग विरजण लावलेलं दूध नेमकं किती वाजता आंबट होतं? काशीच्या पंडितांनीही एवढा खल केला नसेल. देशात तेव्हा आणीबाणी होती. बाहेर बोलायला बंदी आणि घरात आंबटाला बंदी, अशा कोंडीत आम्ही शुक्रवार काढत होतो. अण्णा पहिल्या शुक्रवारी पाटावर बसले, ताटाकडे बघून म्हणाले, "वाहियात!" आणि मुकाट्याने जेवले. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी आपणहून विचारलं, "सूनबाई, आज काकडी चालते का?"

फक्त आजी विरोधी पक्षात होती. आजी गंगाखेडची लेक आणि गंगाखेडचीच सून. जनाबाई तिला शेजारच्या घरातून दिलेल्या मुलीसारखी वाटायची. आमची जनी, असंच म्हणायची. गोदावरीकाठी जनाबाईचं देऊळ आहे, तिथे तिची रोजची फेरी. ती म्हणायची, "आमच्या जनीकडं देव सोता येऊन दळू लागायचा. शेण्या वेचायचा. ही तुमची देवी कामून नुसती बसून ऱ्हाती गं?" आजीने 'संत तुकाराम' पाहिला होता, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा, आणि त्यातली आवली तिच्या डोळ्यांपुढून कधी हलली नाही. पोर आजारी पडल्यावर हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात घुसलेली ती गौरीची आवली. "तिनं वहाण घेतली," आजी म्हणायची, "आणि ही सत्यवती आरतीचं ताट घेऊन उभी. वहाण घ्यावी लागती माय, त्याबिगर देव ऐकत नाही."

एवढ्या दोन वाक्यांत आजीने मराठी संतपट आणि हिंदी पौराणिकपट यांतला फरक सांगून टाकला होता. माझ्या लेखात तो चार पानं करूनही आला नव्हता.

लेखात मी काय लिहिलं होतं ते सांगायला आता लाज वाटते, पण सांगतो. मी लिहिलं होतं की या चित्रपटातला देवलोक हा देवलोकच नाही, तिथल्या देवी भांडखोर शेजारणींसारख्या वागतात, हे पौराणिक गांभीर्याला सोडून आहे. आज मला वाटतं, निरीक्षण बरोबर होतं आणि निष्कर्ष साफ आंधळा. पुठ्ठ्याचा तो स्वर्ग म्हणजे एक वाडा आहे. वरच्या माळ्यावर तीन थोरल्या जावा, नव्याने आलेली धाकटी, आणि इकडचं तिकडे करणारा एक नारद. खालच्या माळ्यावर तेच. खाली सत्यवतीला जावा छळतात, वर संतोषीमातेला मोठ्या देवी पाण्यात बघतात. एकीचं बरं झाल्याशिवाय दुसरीचं होत नाही. वीणा दास यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास या सिनेमावर गंभीर निबंध लिहिला. माझ्या पुढच्या रांगेतल्या आरती करणाऱ्या बाईंना तो वाचायची गरज नव्हती. पडद्यावरचा तो वाडा त्यांच्या ओळखीचा होता. सिनेमा त्यांना एवढंच सांगत होता की घरातल्या सगळ्यांत धाकट्या सुनेचं म्हणणं ऐकून घेणारं कुणीतरी आहे. अद्भुत होतं ते हे. फिरणारं चक्र आणि उसळणारा धूर ही नुसती भर होती.

पण मी तेव्हा धूर बघत होतो. आणि धूर खोटा आहे, हे सिद्ध करायची मला खुमखुमी आली होती.

सोळा शुक्रवार झाले. उद्यापनाला आठ मुलांना जेवायला बोलवायचं असतं. खीर, पुरी आणि हरभऱ्याची उसळ. सिनेमात याच प्रसंगी जावा जेवणात लिंबू पिळतात आणि जेवलेली मुलं पटापट मरून पडतात. पोथीत एवढा प्रकार नाही, बरं का. पोथीत मुलांना शिकवून ठेवतात, मुलं दक्षिणेच्या पैशांची चिंच घेऊन खातात, आणि शिक्षा म्हणून राजाचे शिपाई नवऱ्याला धरून नेतात. कशासाठी, तर त्याने मिळवलेल्या धनावरच्या करासाठी. म्हणजे पोथीतली देवी कोपली तर इन्कमटॅक्सवाले पाठवते, आणि सिनेमातली मुलांचे प्राण घेते. पोथीतल्या संकटातून बाहेर पडायचा मार्गही साधा आहे. बाई पुन्हा एकदा उद्यापन करते, या वेळी नीट. सिनेमावाल्यांना हे पुरलं नसावं. तिथे जावांचे हातपाय वाकडे होतात, तोंडं काळी पडतात, आणि मग सत्यवतीच त्यांच्यासाठी देवीची क्षमा मागते.

तर, वहिनी पाटरांगोळी करायला ओसरीवर गेल्या तेवढ्यात मी स्वयंपाकघरात शिरलो, आणि हरभऱ्याच्या उसळीत अर्धं लिंबू पिळलं.

मुलं जेवली. गल्लीतलीच आठ टोणगी. भरभरून जेवली, उसळ तर तिसऱ्यांदा मागून घेतली. मी खांबाला टेकून विजयी चेहऱ्याने बघत होतो. देवीने काही केलं नाही. मुलं उठली, दक्षिणा घेतली, बाहेर पळाली.

आणि मग मला घाम फुटला.

म्हणजे विश्वास वगैरे नव्हताच. पण सिनेमात मुलं लगेच मरत नाहीत ना, थोडा वेळ जातो, हे मला आठवलं. मी सहज म्हणून बाहेर पडलो. सहा जण विटीदांडू खेळत होते. सहा. सातवा बैलगाडीखाली दक्षिणेचे पैसे मोजत बसला होता. आठवा नाही. मी नदीपर्यंत जाऊन आलो. गणपतीच्या देवळामागे बघितलं. शेवटी तो मारुतीच्या पारावर लिंबाच्या झाडाखाली आडवा पडलेला दिसला. झाडही बघा नेमकं कुठलं! कडुलिंब होता, पण त्या क्षणी मला तोही नातेवाईकच वाटला. मी धावत जाऊन त्याला गदागदा हलवलं. पोरगं डोळे चोळत उठलं आणि रडायला लागलं. त्याने अकरा पुऱ्या खाल्ल्या होत्या आणि त्याला झोप लागली होती. त्याच्या आईने मला विचारलं, "कामून मारलास रे लेकराला?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत आठ मुलं मोजत होतो. अंधश्रद्धेवरच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद मी त्याच रात्री लिहिला, जोरदार लिहिला, आणि मधूनच उठून दोनदा गल्लीत डोकावून आलो.

पुढच्या शुक्रवारी पाटावर बसलो तर ताटात ताक नाही. लोणचं नाही. "हे काय? सोळा झाले की!" मी म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "पुन्हा धरलेत." अण्णांनी नुसता उसासा टाकला. मला वाटलं, नवस फळला नाही म्हणून धरले असतील. नवस कसला, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, तेव्हा मूल, असं सगळ्यांनी आपलं आपलं धरून चाललं होतं.

त्या दुसऱ्या फेरीच्या अकराव्या शुक्रवारनंतर दादाची परभणीला बदली झाल्याचा कागद आला. मुलं पुढे झाली, दोन. आणीबाणी उठली, आजी गेली, अण्णा गेले. चप्पल मिळाली नाही.

आता अलीकडची गोष्ट. दादा जाऊन दोन वर्षं झाली होती. मी वहिनींकडे परभणीला गेलो होतो. त्यांच्या नातवाने मोबाइलवर 'जय संतोषी माँ' लावून दिला आणि आम्ही दोघं चष्मे सावरत त्या वितीएवढ्या पडद्यावर तो बघत बसलो. एवढ्याशा पडद्यावर नाव बरी दिसते. घंगाळ कळत नाही. वादळ आलं तेव्हा मी पडद्याकडे न बघता वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा ह्यांचं सव्वा महिना पत्र नव्हतं." एवढंच.

मग उद्यापनाचा प्रसंग आला, जावा लिंबू पिळायला लागल्या, आणि मी उठून पाणी प्यायला गेलो.

"बसा हो भाऊजी," मागून आवाज आला. "तुमचंच काम चाललंय की."

मी तसाच उभा. वहिनी पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "साल तुळशीत टाकायचं असतं का? टाकायचं तर उकिरड्यावर तरी टाकायचं."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"उसळ चाखली ना मी."

"मग बोलला का नाहीत?"

"अण्णांनी तुम्हाला घराबाहेर काढलं असतं. आणि पोथीत लिहिलंय की, चुकलं तर पुन्हा करायचं."

मी हिशेब करायला लागलो. तोच हिशेब मी आजही करतोय. नवस दादाच्या बदलीचा होता, हे त्यांनी मग सांगितलं. बदली माझ्या लिंबापायी लांबली असं म्हणावं, तर देवी आहे असं कबूल करावं लागतं; लांबली नाही म्हणावं, तर त्या बाईने माझ्यापायी उगीचच्या उगीच सोळा शुक्रवार काढले. दोन्हीकडून मी वाहियात ठरतो. मी तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, "माझ्यामुळे तुम्हाला आणखी सोळा आठवडे उपास..."

वहिनी हसल्या. "उपासाचं काय मोठं. मला ते बरे वाटायचे. एरवी तुम्ही सगळे पाटावर बसून हे द्या, ते द्या करायचात. शुक्रवारी अण्णासुद्धा मला विचारून जेवायचे."

पडद्यावर सत्यवती जावांसाठी क्षमा मागत होती. नातवाने विचारलं की हे स्पेशल इफेक्ट्स कुणी केलेत, आणि आम्ही दोघांनी त्याला गप्प बस म्हटलं.

सिनेमा संपल्यावर वहिनींनी पोहे केले. बशी पुढे ठेवली आणि लिंबाची फोड हातात धरून विचारलं, "पिळू का?"

मी मनात वार मोजला. बुधवार होता.

"पिळा," म्हणालो.